जुनी सदनिका घेण्याआधी विजेच्या डीबीत काय काय पाहावे?

सदनिकार्थी

नमस्कार मंडळी. पुण्यात कोथरूड भागातल्या एका जुन्या सोसायटीतील दोन बेडरूमची सदनिका पुनर्विक्रीत घेण्याचा आमचा विचार आहे. इमारत पंचवीस वर्षांहून जुनी आहे. कागदपत्रे वकिलांनी पाहिली, ओल आणि नळजोडण्या ओळखीच्या कंत्राटदाराने पाहिल्या, पण विजेच्या जोडणीकडे अद्याप कोणीही लक्ष दिलेले नाही. सध्याचे मालक म्हणतात की एमसीबी (भार वाढला की आपोआप वीज तोडणारे स्विच) अलीकडेच नवीन बसवले आहेत, त्यामुळे काळजीचे कारण नाही.

मुख्य दारामागे असलेल्या डीबीचे, म्हणजे वीजवाटपाच्या पेटीचे, झाकण उघडून मी जेवढे दिसले तेवढे पाहिले. आत एक मुख्य स्विच असून त्यावर 40 हा आकडा आहे. त्याच्या शेजारी आठ एमसीबी आहेत, त्यांपैकी तीन 32 अँपिअरचे, दोन 16 चे आणि उरलेले 10 चे आहेत. कोणता एमसीबी कोणत्या खोलीचा हे कुठेही लिहिलेले नाही. ‘टी’ अक्षराचे बटण असलेले कोणतेही उपकरण त्यात दिसले नाही. डाव्या कोपऱ्यातील एका एमसीबीच्या वरच्या फटीतून काळी वायर आत गेलेली दिसते. इसार देण्याआधी यातून काय निष्कर्ष काढावा आणि आणखी काय तपासून घ्यावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

वीजमित्र

तुम्ही एवढे बारकाईने पाहिलेत हे फार चांगले केलेत, कारण तुमच्या वर्णनातूनच तीन-चार गोष्टी कळतात. आधी एक सूचना करतो. डीबीला दोन झाकणे असतात. बाहेरचे दार कोणीही उघडावे, पण आतली पत्र्याची किंवा प्लास्टिकची पट्टी, जिच्या खाचांतून एमसीबीच्या कळा बाहेर डोकावतात, ती स्क्रू काढून तुम्ही स्वतः उघडू नये. मुख्य स्विच बंद केला तरी त्याच्या वरच्या टोकांना मीटरकडून आलेली वीज असतेच. हे काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून किंवा तारतंत्र्याकडून करून घ्यावे आणि तुम्ही दोन पावले मागे उभे राहून पाहावे.

आता तुमचा मुख्य स्विच. 40 या आकड्याच्या आधी ‘बी’ किंवा ‘सी’ असे इंग्रजी अक्षर छापलेले आहे का, ते पुन्हा जाऊन पाहा. अक्षर असेल तर तो एमसीबी आहे. नुसता 40 असेल तर बहुतेक तो आयसोलेटर आहे, म्हणजे हाताने बंद-चालू करायचा दांडा, जो भार कितीही वाढला तरी आपणहून कधीच पडणार (बंद होणार) नाही. दोन्हींची ठेवण इतकी सारखी असते की घरमालक वर्षानुवर्षे आयसोलेटरलाच ‘मेन एमसीबी’ म्हणत राहतात. आयसोलेटर असणे ही स्वतःहून चूक नव्हे, परंतु तसे असल्यास संपूर्ण सदनिकेच्या एकत्रित भाराला आवर घालणारे उपकरण थेट खाली मीटरखोलीतच असते, आणि तिथे काय बसवले आहे हे पाहिल्याशिवाय वरच्या डीबीबद्दल काही बोलण्यात अर्थ नाही.

दुसरी गोष्ट तीन 32 अँपिअरच्या एमसीबींची, आणि माझ्या मते तुमच्या यादीतली सर्वांत गंभीर गोष्ट हीच आहे. एमसीबी हा गिझरचे, एसीचे किंवा माणसाचे रक्षण करण्यासाठी नसतो; भिंतीच्या आत जी तार पुरलेली आहे तिचे रक्षण करणे हे त्याचे काम. म्हणून एमसीबीचा आकडा उपकरणावरून नव्हे, तारेच्या जाडीवरून ठरवावा लागतो. आपल्याकडे दिव्या-पंख्यांसाठी साधारण दीडची, पॉवर पॉइंटसाठी अडीचची आणि एसी किंवा मोठ्या गिझरसाठी चारची तांब्याची वायर वापरतात. हे आकडे चौरस मिलिमीटरमधले आहेत. पाइपातून भिंतीत गेलेली अडीचची वायर आपल्या हवामानात साधारण 20 अँपिअरच्या आसपास प्रवाह सुरक्षितपणे वाहते. तिच्यावर 16 चा, फार तर 20 चा एमसीबी शोभतो. तिच्यावर 32 चा बसवला की काय होते ते पाहा. एमसीबीच्या मानकानुसार, म्हणजे आयएस/आयईसी 60898 नुसार, आकड्याच्या 1.13 पट प्रवाहाला तो तासभर पडता कामा नये आणि 1.45 पट प्रवाहाला तो तासाभरात पडलाच पाहिजे. म्हणजे 32 च्या एमसीबीतून 36 अँपिअर वाहत असताना तो निवांत बसून राहील, आणि 46 अँपिअरला पडायलाही त्याला तासाभराची मुभा आहे. या सगळ्या वेळात 20 अँपिअरची तार प्लास्टरच्या आत तापत राहते. तिचे पीव्हीसीचे आवरण 70 अंश सेल्सिअसपर्यंतच्या वापरासाठी बनवलेले असते. त्यापलीकडे ते आधी मऊ पडते, मग कडक होते आणि शेवटी चिरते.

म्हणून त्या तीन एमसीबींच्या खाली कोणत्या जाडीची तार निघते हे पाहणे सर्वांत महत्त्वाचे आहे. तारेच्या आवरणावर ठरावीक अंतराने कंपनीचे नाव, आयएस 694, 1100 व्होल्ट आणि जाडी छापलेली असते. तिथे 2.5 दिसले तर तो दोष समजावा. 6 दिसले तर हरकत नाही. 4 दिसले तरी 32 जास्तच होतो.

काळ्या वायरीविषयी सविस्तर नंतर लिहितो, पण तो एमसीबी एकेरी आहे की दुहेरी, म्हणजे एकाच कळीला दोन खाने जोडलेले आहेत का, एवढे कृपया पाहून सांगा.

सदनिकार्थी

वीजमित्र, मनापासून आभार. काल संध्याकाळी पुन्हा जाऊन आलो. मुख्य स्विचवरील 40 च्या आधी कोणतेही अक्षर नाही. इतर सर्वांवर ‘सी’ आहे. काळी वायर ज्यात जाते तो एमसीबी एकेरी आहे. मालकांना 32 च्या एमसीबीविषयी विचारले, तेव्हा ते म्हणाले की पूर्वी तिथे 16 चे होते, पण हिवाळ्यात गिझर आणि मायक्रोवेव्ह एकदम लावले की सारखे पडत असत, म्हणून इलेक्ट्रिशियनने मोठे बसवून दिले आणि त्यानंतर एकदाही त्रास झालेला नाही. त्यांच्या बोलण्यात लपवाछपवी अजिबात वाटली नाही. त्यांना खरोखरच ही दुरुस्ती वाटते.

जुना_तारतंत्री

मी तारतंत्रीचा आयटीआय करून उभी हयात याच कामात काढली, म्हणून दोन शब्द लिहितो. तुमच्या मालकांनी सांगितलेली हकीकत मी घराघरांत ऐकली आहे. एमसीबी पडतो, घरातले वैतागतात, ‘कायमचा बंदोबस्त करा’ म्हणतात, आणि कारागीर पाच मिनिटांत मोठा एमसीबी लावून पैसे घेऊन जातो. वायर बदलायची तर पाइपातून जुनी ओढून नवी घालावी लागते, त्याला वेळ आणि पैसे लागतात, ते कोणालाच नको असते. 16 चा एमसीबी पडत होता तो खराब होता म्हणून नव्हे. 3 किलोवॉटचा तात्काळ गिझर 13 अँपिअर घेतो, मायक्रोवेव्ह सहा-सात घेतो, आणि हे दोन्ही एकाच तारेवर होते म्हणून. त्यावरचा इलाज म्हणजे गिझरला डीबीपासून स्वतंत्र वायर देणे.

वीजमित्रांनी तारेची जाडी वाचायला सांगितली आहे, त्यात माझी एक भर. पंचवीस-तीस वर्षांपूर्वीच्या तारेवरचा छाप बहुधा पुसलेला असतो. अशा वेळी एमसीबीतून तार सोडवून तिचे पेड, म्हणजे आतले धातूचे धागे, मोजावेत. हल्लीच्या लवचीक तारेत 0.3 मिलिमीटरचे बारीक पेड असतात: दीडच्या वायरीत 22, अडीचच्या वायरीत 36 आणि चारच्या वायरीत 56. त्याहून जुन्या घरांत जाड पेडांची वायर सापडेल, जिला आम्ही तीन-बावीस, तीन-वीस, सात-वीस म्हणत असू. पहिला आकडा पेडांचा आणि दुसरा गेजचा, म्हणजे पेडाच्या जाडीचा. तीन-बावीस म्हणजे आजच्या हिशेबात जेमतेम सव्वा, सात-वीस म्हणजे साडेचारच्या आसपास. पुष्कळ जुन्या घरांत तीन-वीस वायरीवर, जी दोनचीसुद्धा पूर्ण भरत नाही, एसी चालवलेले असतात.

आणि पेड मोजताना ते सगळे एमसीबीच्या टोकात गेले आहेत की नाही तेही पाहा. एका भोकात दोन वायरी बसत नाहीत म्हणून दोन्हींचे थोडे थोडे पेड कापून पिळ घालून आत कोंबण्याची खोड आमच्या धंद्यात फार आहे. बाहेरून वायर अडीचची दिसते, आणि टोकाशी दीडचीही उरलेली नसते.

वीजमित्र

जुना_तारतंत्री काकांनी पेडांचे जे सांगितले ते अगदी महत्त्वाचे आहे, कारण डीबीत आग बहुधा तारेच्या मध्यावर लागत नाही. ती टोकाशी, स्क्रूखाली, ढिल्या सांध्यात सुरू होते.

काळ्या वायरीकडे येतो. आपल्याकडील रूढ पद्धतीत फेज (वीज आणणारी तार) लाल, पिवळी किंवा निळी, न्यूट्रल (परतीची तार) काळी आणि अर्थिंग (गळती जमिनीत नेणारी तार) हिरवी असते. एकेरी एमसीबीतून काळी वायर गेली असेल तर दोन शक्यता आहेत. कारागिराकडे लाल तार संपली म्हणून त्याने फेजसाठी काळी वापरली असेल, किंवा खरोखरच न्यूट्रलवर एमसीबी बसवला असेल. पहिली शक्यता पुढच्या कारागिराला फसवणारी आहे, दुसरी घरातल्या माणसाला. न्यूट्रलवरचा एमसीबी पाडला की दिवा विझतो, पंखा थांबतो, सगळे मेल्यासारखे दिसते, पण फेज सॉकेटपर्यंत आणि उपकरणाच्या आतपर्यंत तशीच उभी असते. गिझरची दुरुस्ती करणारा एमसीबी पाडून निर्धास्तपणे हात घालतो आणि झटका खातो. गिझर आणि एसी यांच्यासाठी म्हणूनच दुहेरी एमसीबी वापरावा, ज्यात फेज आणि न्यूट्रल एकदम तुटतात.

आतली पट्टी काढल्यावर ठेकेदाराला आणखी एक गोष्ट दाखवायला सांगा: एमसीबींच्या वरच्या टोकांना वीज कशी पोहोचवली आहे. योग्य पद्धतीत तांब्याची सलग बसबार पट्टी सर्व एमसीबींच्या टोकांत बसवलेली असते. स्वस्तातल्या कामात मात्र मुख्य स्विचमधून एक तुकडा पहिल्या एमसीबीला, तिथून दुसरा तुकडा दुसऱ्याला, असे वायरीचे तुकडे लूप करत नेलेले असतात. पहिल्या तुकड्यातून साहजिकच आठही एमसीबींचा एकत्रित प्रवाह जातो. तो तुकडा अडीचचा असेल, तर प्रत्येक सर्किट आपापल्या मर्यादेत राहूनही डीबीच्या आतच, तुमच्या मुख्य दारामागे, ती चार बोटांची वायर 30-35 अँपिअरने तापत असते. आणि तुमच्याकडे मुख्य स्विच आयसोलेटर असल्यामुळे डीबीत ती तोडणारे कोणी नाही.

‘टी’ बटण नसणे म्हणजे आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच वीज तोडणारे उपकरण, नसणे. आपण सर्रास त्याला ईएलसीबी म्हणतो. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या 2023 च्या सुरक्षा विनियमांत गळती-संरक्षक उपकरणाची तरतूद आहे, आणि नियम बाजूला ठेवला तरी घरात 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी असायलाच हवा असे माझे ठाम मत आहे. एमसीबी माणसाला झटक्यापासून वाचवू शकत नाही. 10 अँपिअरचा एमसीबी पडायला जेवढा प्रवाह लागतो त्याच्या शंभराव्या हिश्शाने माणसाचे हृदय थांबू शकते.

मुंबईकर_1962

आरसीसीबीबद्दलचे हे सर्व पुस्तकात ठीक आहे, पण प्रत्यक्षात तो अतोनात त्रास देतो, हा आमचा अनुभव आहे. आमच्या दादरच्या घरी नूतनीकरणात आरसीसीबी बसवला. पहिले काही महिने काहीच तक्रार नव्हती. पुढे इन्व्हर्टर बसवला आणि त्या दिवसापासून दिवे लावले की आरसीसीबी पडायला लागला. दोन वेगवेगळ्या इलेक्ट्रिशियननी पाहिले. शेवटी दुसऱ्याने तो ‘डायरेक्ट’ करून दिला. आता सर्व सुरळीत आहे. सतत अंधारात बसण्यापेक्षा हे बरे, असे घरातल्या सर्वांचे मत पडले.

वीजमित्र

मुंबईकर काका, तुमच्या घरातला आरसीसीबी खराब नव्हता, हे तुमच्या वर्णनावरून जवळजवळ खात्रीने सांगता येते. आरसीसीबी एकच काम करतो: फेजमधून जेवढा प्रवाह घरात गेला तेवढाच न्यूट्रलमधून परत आला का, याचा ताळा जमवतो. फरक 30 मिलिअँपिअरपर्यंत पोहोचला की सेकंदाच्या तिसऱ्या हिश्शाच्या आत तो वीज तोडतो. इन्व्हर्टर बसवणाऱ्याने तुमच्या दिव्यांची फेज आरसीसीबीच्या नंतरच्या बाजूने घेतली असणार आणि न्यूट्रल मात्र आरसीसीबीच्या आधीच्या पट्टीला जोडली असणार, किंवा दोन वेगळ्या सर्किटांच्या न्यूट्रल कुठेतरी स्विचबोर्डात एकत्र बांधल्या असणार. मग दिवा लावताच गेलेला प्रवाह दुसऱ्याच वाटेने परतणार, ताळा चुकणार आणि आरसीसीबी पडणार. उपाय एका न्यूट्रल वायरीची जागा बदलण्याइतका असतो. ‘डायरेक्ट’ करणे म्हणजे त्याच्या वरच्या आणि खालच्या टोकांना वायरीने जोडून टाकणे. ते उपकरण डीबीत दिसत राहते, त्याची कळ वर असते, आणि घरातल्यांना वाटते की आपल्याकडे संरक्षण आहे. नसलेल्या आरसीसीबीपेक्षा मी असा डायरेक्ट केलेला आरसीसीबी अधिक धोक्याचा मानतो. कृपया आजच कोणाला तरी बोलावून तो पूर्ववत करून घ्या. मी हे अगदी कळकळीने लिहीत आहे.

सदनिका पाहायला जाणाऱ्या सर्वांसाठी यातून एक साधी चाचणी निघते. आरसीसीबी असेल तर मालकांच्या परवानगीने त्याचे ‘टी’ बटण दाबावे. कळ तत्काळ खाली पडली आणि घरातील सर्व दिवे खरोखर गेले, तरच तो जिवंत आहे. कळ पडूनही एखाद्या खोलीतला दिवा चालू राहिला, तर ते सर्किट बाहेरून वळवलेले आहे किंवा इन्व्हर्टरवर आहे. हेही लक्षात ठेवावे की ‘टी’ बटण अर्थिंगची परीक्षा घेत नाही. बटणाचा प्रवाह उपकरणाच्या आतच फेजकडून न्यूट्रलकडे फिरतो, त्यामुळे घरात अर्थिंगची तार मुळीच नसली तरी बटण उत्तम चालते.

न्यूजर्सीकर

मी काही वर्षांपूर्वी एडिसनमध्ये घर घेतले, त्यामुळे तिकडच्या पद्धतीबद्दल लिहितो. न्यू जर्सीत घराच्या तपासनिसाला राज्याचा परवाना लागतो आणि पॅनेलचे झाकण काढून आत पाहणे हा तपासणीचाच भाग धरला जातो. आमच्या अहवालात विजेचे एक संपूर्ण प्रकरण छायाचित्रांसह होते. तो तपासनीस ज्या गोष्टी शोधत होता त्या इथे लिहिलेल्या गोष्टींशी बऱ्याच जुळतात: एका ब्रेकरखाली दोन तारा, 14 गेजच्या तारेवर 15 ऐवजी 20 अँपिअरचा ब्रेकर, झाकणातल्या उघड्या खाचा, गंज, काळवंडलेली टोके. 1965 ते 1973 च्या दरम्यानच्या घरांत ॲल्युमिनियमच्या तारा आहेत का हेही तिकडे आवर्जून पाहतात.

एक प्रश्न विचारतो. आमच्याकडे मुख्य पॅनेलमध्ये न्यूट्रल आणि अर्थ यांची पट्टी एकमेकींना जोडलेली असणे आवश्यक मानतात. पुण्यातल्या भावाच्या डीबीत ती जोडलेली नव्हती, म्हणून मी त्याला ती जोडून घ्यायला सांगणार होतो. ते योग्य होईल का?

वीजमित्र

कृपया सांगू नका! हा प्रश्न तुम्ही आधी इथे विचारलात हे फार बरे झाले, कारण अमेरिकी व्हिडिओ पाहून आपल्याकडे ही जोडणी केल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत. अमेरिकेत ती जोडणी फक्त मुख्य पॅनेलात असते, उपपॅनेलात नव्हे, आणि ती तिथल्या संपूर्ण पुरवठा पद्धतीचा भाग आहे. आपल्याकडे सदनिकेतली डीबी ही मीटरखोलीतून पुढे आलेली उपवाटणी आहे. इथे घरातच न्यूट्रल आणि अर्थ एकत्र केले आणि पुढे कधी इमारतीची न्यूट्रल तुटली, तर फ्रिज, गिझर, वॉशिंग मशीन यांच्या धातूच्या अंगावर थेट वीज येऊ शकते. शिवाय आरसीसीबीनंतर ही जोडणी असेल तर तो एक तर सतत पडतो, नाही तर खऱ्या गळतीच्या वेळी हवा तेव्हा पडत नाही. सदनिकेच्या डीबीत काळ्या तारांची पट्टी आणि हिरव्या तारांची पट्टी वेगवेगळी असली पाहिजे, आणि त्यांच्यामध्ये तुकडा टाकलेला दिसला तर ती चूक आहे.

ॲल्युमिनियमविषयी मात्र तुमचे निरीक्षण इथेही लागू पडते. सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या आपल्या अनेक इमारतींत ॲल्युमिनियमच्या तारा आहेत. ॲल्युमिनियम स्क्रूखाली हळूहळू दबत जाते आणि त्यावर वीज न वाहणारा ऑक्साइडचा थर चढतो. त्यालाच तांब्याची नवी तार पिळून जोडली असेल तर सांधा आणखी लवकर बिघडतो. डीबीत तांब्याच्या तारा दिसल्या म्हणून खूश होऊ नये, एखाद्या खोलीतला स्विचबोर्डही उघडून पाहावा; पुष्कळदा डीबीतली तेवढी हातभर तार बदललेली असते.

सागरकाठ

आमचे घर मालवणजवळ आहे आणि वर्षातले बरेच महिने बंद असते. किनाऱ्यावरचे घर विकत घेणाऱ्यांनी डीबीत मिठाचा परिणाम जरूर पाहावा. तांब्यावर हिरवट थर, स्क्रूंवर तांबूस गंज, बसबारवर पांढुरकी पूड ही त्याची चिन्हे. आणखी एक गोष्ट शहरातल्या माणसांच्या लक्षात येत नाही: पाइप जिथे डीबीत शिरतो ती भोके उघडी असतात, तिथून मुंग्या आणि पाली आत येतात. आमच्या डीबीत बसबारला चिकटून करपलेली पाल सापडली होती आणि तिच्यामुळेच वीज जात होती. भोके बुजवून घेतली, गंजलेले स्क्रू बदलले आणि डीबी बाहेरच्या व्हरांड्यातून आतल्या कोरड्या भिंतीवर हलवली.

सदनिकार्थी

काल परवानाधारक ठेकेदारांना घेऊन सदनिकेत गेलो. मालकही उपस्थित होते. जे आढळले ते सविस्तर लिहितो, म्हणजे पुढे हा धागा वाचणाऱ्यांना उपयोग होईल.

आतली पट्टी काढताच जुन्या जळक्या प्लास्टिकसारखा किंचित वास आला. बसबार नव्हती, वीजमित्रांनी लिहिल्याप्रमाणेच वायरीचे लूप होते. त्यातला पहिला तुकडा चारचा होता, पुढचे सर्व अडीचचे. पहिल्या 32 च्या एमसीबीजवळ लाल तारेचे आवरण दोन बोटे रुंदीभर चॉकलेटी झाले होते, आणि ठेकेदारांनी ती हलवली तेव्हा ती इतर तारांसारखी वाकली नाही, काडीसारखी ताठ राहिली. त्या टोकाचा स्क्रू जवळजवळ एक पूर्ण फेरा ढिला होता. तिन्ही 32 च्या खाली अडीचचीच तार होती, आणि एका टोकात दोन तारा कोंबताना कापलेल्या पेडांची टोके स्पष्ट दिसत होती. न्यूट्रल पट्टीवर एकेका स्क्रूखाली तीन-चार काळ्या तारा होत्या. काळी वायर गेलेल्या एमसीबीवर प्रत्यक्षात फेजच होती, म्हणजे रंग चुकला होता, जोडणी नव्हे.

ज्याची मला कल्पनाच नव्हती ती गोष्ट वेगळीच निघाली. स्वयंपाकघराकडून आलेली हिरवी तार डीबीत कापून, टेप गुंडाळून मागे वळवून ठेवलेली होती. म्हणजे स्वयंपाकघरातल्या प्रत्येक सॉकेटला तिसरे भोक आहे, पण त्याच्या मागे अर्थिंग नाही. मालकांना हे अजिबात ठाऊक नव्हते आणि ते ऐकून ते खरोखर अस्वस्थ झाले, कारण त्यांचा फ्रिज आणि मिक्सर त्याच सॉकेटांवर चालतात.

उपकरणे सोडवून 500 व्होल्टच्या मेगर नावाच्या मापकाने प्रत्येक सर्किटचा इन्सुलेशन रोध (तारेचे आवरण गळती किती अडवते ते) मोजला. बाकी सर्व ठीक आले. न्हाणीघराचे सर्किट 0.3 मेगाओहम आले, तर किमान 1 हवे असे ठेकेदार म्हणाले. लेखी अहवाल घेतला आहे. व्यवहाराच्या किमतीत या कामाचा खर्च धरण्यास मालक तयार झाले आहेत.

आता प्रश्न असा की फक्त डीबी बदलून आरसीसीबी बसवला तर पुरेल का? आत्याचे म्हणणे आहे की भिंती फोडायच्याच तर सगळे एकदाच करावे.

जुना_तारतंत्री

आत्याबाईंचे बरोबर आहे, पण भिंती सगळ्या फोडाव्या लागतीलच असे नाही. पाइप शाबूत असतील तर जुन्या तारेला नवी बांधून ओढून घेता येते. तीन 32 वाल्या सर्किटांची तार आणि न्हाणीघराची तार आधी बदला. न्हाणीघरात 0.3 येण्याचे कारण बहुतेक गिझरच्या पॉइंटमागे मुरलेली ओल असेल. ती ओल न थांबवता नवी तार घातली तर पुन्हा तेच होईल, म्हणून प्लंबर आणि इलेक्ट्रिशियन यांना एकाच दिवशी बोलवा. स्वयंपाकघराची हिरवी तार का कापली होती हे शोधल्याशिवाय ती परत जोडू नका. कोणी ती उगाच कापत नाही. बहुतेक पुढे कुठे तरी तिला फेज किंवा न्यूट्रल चिकटत असणार आणि त्यावर टेप हा इलाज केला असणार.

नवी डीबी दोन जागा शिल्लक ठेवून घ्या. एमसीबी घेताना त्यावरचा आयएसआय शिक्का आणि त्याखालचा सीएम/एल क्रमांक पाहा. भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपवर तो क्रमांक टाकला की परवाना खरा की खोटा ते कळते. बाजारात नकली माल भरपूर आहे.

वीजमित्र

काकांशी पूर्ण सहमत आहे. मी एवढेच सुचवेन की संपूर्ण घराला एकच आरसीसीबी न देता निदान दोन द्यावेत, न्हाणीघर-स्वयंपाकघर एका बाजूला आणि दिवे-पंखे दुसऱ्या बाजूला, आणि प्रत्येकाची न्यूट्रल पट्टी वेगळी ठेवावी. एकीकडे गळती झाली तर घरभर अंधार होत नाही, आणि मग ‘डायरेक्ट’ करण्याचा मोहही कोणाला होत नाही. आयसोलेटरच्या जागी योग्य आकड्याचा दुहेरी एमसीबी बसवावा. तो आकडा ठरवताना वीजबिलावर छापलेला मंजूर भार पाहावा: एकफेजी जोडणीत 5 किलोवॉट म्हणजे साधारण 22 अँपिअर. दोन एसी, गिझर आणि इंडक्शन यांची बेरीज त्यापलीकडे जात असेल तर आधी भार वाढवून घेण्याचा अर्ज करावा लागेल.

सचिव_सोसायटी

आमच्या सोसायटीत गेल्या पावसाळ्यात एकाच जिन्यावरच्या काही सदनिकांतले टीव्ही आणि फ्रिज एकदम जळाले, तर काहींकडे दिवे मंद झाले. वरच्या घरांतल्या डीबी सर्वांनी तपासल्या, दोष सापडला नाही. या धाग्यातल्या जाणकारांना याचे कारण सांगता येईल का?

वीजमित्र

हे लक्षण इमारतीच्या त्रिफेजी पुरवठ्यातील सामाईक न्यूट्रल ढिली होण्याचे किंवा तुटण्याचे आहे. न्यूट्रल सुटली की तीन फेजवरची घरे एकमेकांतून प्रवाह घेऊ लागतात. ज्या फेजवर भार कमी तिथे 230 च्या जागी 300, कधी 400 व्होल्टच्या जवळ दाब जातो आणि जिथे भार जास्त तिथे दिवे मंदावतात. वरच्या डीबीत याचा मागमूसही सापडणार नाही. मीटरखोलीतला मुख्य कटआउट (फ्यूजची पेटी), तिथली न्यूट्रल लिंक (न्यूट्रलची जोडपट्टी) आणि तिथून निघणाऱ्या केबलची टोके पाहावी लागतील. त्या खोलीत जुन्या सायकली, रंगाचे डबे, वर्तमानपत्रांचे गठ्ठे ठेवलेले असतील तर ते आधी हलवावेत. मीटरपर्यंतचा भाग वीज कंपनीचा असल्यामुळे तिथले सील कोणीही तोडू नये. सोसायटीच्या नावाने कंपनीच्या उपविभागीय कार्यालयात लेखी अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. मीटरनंतरची तपासणी परवानाधारक ठेकेदाराकडून करून घेऊन तिचा अहवाल त्याच अर्जाला जोडलात, तर कंपनीच्या माणसांना नेमकी कोणती टोके उघडायची ते कळेल.